शून्य चुकांचा बुधवार

"नागनाथ, शेवटचं विचारते. कुणाच्या सांगण्यावरनं करतोस हे?"

"म्याडम, देवाशपथ सांगतो, मी त्या यंत्राला हातसुद्धा लावत न्हाई. मी भाईर बसतो."

मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. सावळेवस्तीच्या माळावर ऊन इतकं कडक की टॉवरच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसायचा. टॉवरच्या पायथ्याशी यंत्रांची एक खोली होती आणि खोलीबाहेर नागनाथ वाघमोडेचा पत्र्याचा स्टूल. दिवसपाळीचा पहारेकरी तो. वय चाळीसच्या आसपास, अंगानं काटकुळा, बोलताना पुन्हा पुन्हा टोपी सारखी करायचा. त्याच्यासमोर मी, आणि माझ्यामागे शहाजी आणि त्याच्या टोळीतली तीन पोरं. हे चौघं टॉवरवर चढून दुरुस्तीची कामं करायचे. शहाजीच्या हातात मोठा पाना होता. कामाला म्हणून आणलाय असं मी स्वतःला सांगत होते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. एका खाजगी नेटवर्क कंपनीत इंजिनिअर. कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता राहिलेलीही नाही. तालुक्याच्या गावातल्या बँका आणि बाजार समितीच्या कॉम्प्युटरची माहिती आम्ही रेडिओवरनं या टॉवरमार्गे सोलापूरला पोचवायचो. पण गेले सहा आठवडे लाईन पार बिघडली होती. बँकेत खातेदार रांगेत ताटकळायचे, बाजार समितीत सौदा अर्ध्यात अडकायचा, आणि शिव्या आम्हाला. सोलापूरचे आमचे वरिष्ठ कुलथेसाहेब फोनवर स्पष्ट म्हणाले होते, "इंगवले, दिवाळीपर्यंत लाईन सुधारली नाही तर तिथलं ऑफिस बंद. तुम्ही सगळे घरी." शहाजीच्या टोळीत दोघांची लग्नं नुकतीच झालेली. ऑफिस बंद होणार म्हटल्यावर ते चौघं धुमसत होते, आणि मी त्यांना एक नाव दिलं होतं.

ते नाव मी काढलं कसं, ते सांगते. रेडिओवरनं माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. पॅकेट वाटेत मोडलं की पलीकडचं यंत्र ते फेकून देतं आणि आपल्याकडचा एक आकडा वाढवतं. मी दर पाच मिनिटांचे ते आकडे सहा आठवडे गोळा केले. कॉलेजात मी संख्याशास्त्राचा जादा पेपर घेतला होता आणि त्याचा मला भारी माज होता. बघते तर चुका इकडेतिकडे विखुरलेल्या नव्हत्याच, झुंडीनं येत होत्या. मग मी प्रारूप बांधलं. लाईनच्या दोन अवस्था, एक चांगली, एक वाईट. कधी ती एकीतून दुसरीत जाते आणि तिथं किती वेळ टिकते, त्याचं गणित. इतकं सुबक बसलं ते की मी ऑफिसात एकटीच टाळी वाजवली! सकाळी दहाच्या सुमाराला लाईन वाईट व्हायची, संध्याकाळी सहाला चांगली. रात्रभरात फार तर एखादी चूक. नागनाथची पाळी दहा ते सहा, रात्री दुसरा पहारेकरी असायचा. रविवारी नागनाथची सुट्टी, आणि सहाच्या सहा रविवार जवळजवळ स्वच्छ.

हे नुसत्या योगायोगानं घडायची शक्यता किती, तेही मी काढलं. दशांशचिन्हापुढं अकरा शून्यं. तो कागद मी शहाजीला दाखवला. त्याला कागदातलं काही कळलं नाही, पण अकरा शून्यं कळली.

"सहा रविवार," मी नागनाथला म्हणाले, "तू नसलास की लाईन ठणठणीत. तू आलास की बिघडते. माझ्याकडं सगळं लिहून आहे."

त्यानं टोपी सारखी केली. आवाज अजिबात चढवला नाही. "म्याडम, रागावू नका. तुमचं गणित चुकलं असंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात आधी हात चालतो आणि मग तोंड, लहानपणापासून तेच बघत आले मी. उजवा हात उचलला आणि फाडकन ठेवून दिली. पूर्ण ताकदीनं. त्याची टोपी उडून स्टुलाखाली गेली. त्यानं कानावर हात धरला आणि माझ्याकडं बघत राहिला, जसं काही मी कुणी वेगळीच बाई होते.

बाईनं मारलं म्हटल्यावर पुरुषांना कशाची वाट बघायची होती? शहाजीनं त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला तसा एकानं मानेवर कोपर मारलं. दुसऱ्यानं कमरेचा पट्टा काढला. "बोल की रं! बोल! आमच्या पोटावर उठलास व्हय?" पट्ट्याचं बक्कल पाठीवर पडलं की ओल्या कपड्यावर काठी मारल्यासारखा आवाज यायचा. नागनाथ स्टुलावर कोसळला, स्टूल उलटला, आणि त्याच्या पत्र्यानं हनुवटी फुटली.

खोटं कशाला सांगू, पहिली दोन मिनिटं मला बरं वाटलं. सहा आठवड्यांच्या शिव्या, कुलथेसाहेबांची बोलणी, सगळं कुणाच्या तरी अंगावर पडत होतं आणि ते माझ्या अंगावर नव्हतं. तो हात जोडत होता. शहाजीनं ते जोडलेले हात बघितले आणि पाना फिरवला. उजव्या मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तेव्हा कुठं मी ओरडले, "बस! शहाजी, बस कर!"

ऐकतोय कोण? एकदा सुटलेली माणसं होती ती. मी शहाजीच्या दंडाला लोंबकळले तर त्यानं मला झटकून टाकलं आणि मी भिंतीवर आदळले. नागनाथ तोवर ओरडायचा थांबला होता. बरगड्यांवर लाथ बसली की नुसता श्वास बाहेर यायचा, हुं, हुं असा.

मग खालनं आरोळी आली. मेंढरं चारणारी वस्तीची माणसं काठ्या घेऊन माळ चढत होती. पहिला दगड जीपच्या काचेला लागला, दुसरा शहाजीच्या कपाळाला. रक्तानं त्याचा डोळा बुजला. आम्ही जीपमध्ये घुसलो आणि पळालो. नागनाथला तिथंच टाकून पळालो. मागं बघितलं तेव्हा चार माणसं त्याला बाजेवर घेत होती, आणि एक बाई जीपच्या मागनं धावत, हातात येईल ते फेकत होती. ती त्याची बायको सोजर होती, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळपर्यंत कुलथेसाहेबांनी वकील गाठून फिर्याद दिलीसुद्धा. पहारेकऱ्यानं यंत्रात बिघाड केला, जाब विचारल्यावर अंगावर आला, झटापट झाली. सोबत पुरावा म्हणून माझा आलेख, खाली माझी सही. नागनाथच्या खाटेशी पोलीस बसवला. बरा झाला की दवाखान्यातनं थेट कोठडीत, असं ठरलं.

बुधवारी तालुका बंद होता. सावळेवस्तीच्या लोकांनी मोर्चा काढला, बाजार बंद, बँका बंद, एसटी बंद. आमच्या ऑफिसचं शटर आम्ही आतनं ओढून घेतलं होतं. बाहेर एक पोलीस, आत मी आणि डोक्याला पट्टी बांधलेला शहाजी. दर दहा मिनिटांनी शटरवर दगड यायचा आणि सगळं ऑफिस दणाणायचं.

बारा वाजता कुलथेसाहेबांचा फोन. "आज चुका किती?"

मी स्क्रीन बघितला. सकाळपासून एक नाही.

"शून्य, साहेब."

"शून्य! बघा, मी म्हणत नव्हतो? भर कामाच्या दिवशी शून्य! कालपर्यंत काय होतं?"

"चार-पाच हजार."

"आणि तो माणूस तिथनं हलला आणि शून्य. इंगवले, शाब्बास. हा आजचा आलेख काढून पाठवा, फिर्यादीला जोडतो. बेटा सुटत नाही आता."

शहाजी ऐकत होता. हसला. "म्हणलो नव्हतो म्याडम? दोन हानल्या की सुतासारखं सरळ."

काय सांगू, मलाही सुटल्यासारखं झालं. रात्रभर ते मनगटाचं हाड माझ्या कानात मोडत होतं, आता वाटलं, चला, निदान चोर तरी खरा होता. आलेख जरा भारदस्त दिसावा म्हणून मी त्यात आणखी एक रकाना घ्यायचं ठरवलं. एकूण पॅकेटं किती गेली, त्याचा. तोवर तो मी कधी घेतलाच नव्हता. गरजच वाटली नव्हती, मोडलेली मोजायची तर मोडलेलीच बघायची ना?

त्या रकान्यातही शून्य होतं. सकाळपासून खालपर्यंत नुसती शून्यं.

मला आधी वाटलं यंत्र बंद पडलंय. मग शटरवर एक दगड धाडकन आदळला, आणि डोक्यात उजेड पडला. बंद. बँका बंद, बाजार समिती बंद. लाईनवरनं आज काही गेलंच नव्हतं. गेलंच नाही तर मोडणार काय?

मी चाचणीची पॅकेटं सोडली. आमच्याकडं तशी सोय होती, ऑफिसातून खोटी पॅकेटं सोडायची आणि पलीकडं किती धड पोचतात ते बघायचं. सेकंदाला हजार लावली. आकडा सरसर चढायला लागला. शंभरात चार मोडकी. तेवढीच, जेवढी रोज दिवसा मोडत होती. आणि टॉवरवर नागनाथ नव्हता. कुणीच नव्हतं, वस्तीवाल्यांनी वाट अडवली होती.

मग मी सहा आठवड्यांचा जुना साठा उघडला आणि मोडलेल्यांना एकूण गेलेल्यांनी भागलं. एक भागाकार. चौथीतलं पोर करेल असा. दिवसा शंभरात चार. रात्री बँकांचं काम बंद, पण त्यांच्या एखाद्या चालू राहिलेल्या यंत्राचा थोडा निरोप जायचा, त्यातही शंभरात चारच. इतक्या थोड्यात चार टक्के म्हणजे काहीच दिसत नाही. रविवारीही तेच. लाईन चोवीस तास, सातही दिवस तितकीच नासकी होती. रस्त्यावर खड्डा कायमचा होता आणि मी फक्त आदळलेल्या गाड्या मोजल्या होत्या. रात्री गाड्याच नव्हत्या! माझ्या त्या दोन अवस्था म्हणजे लाईनच्या नव्हत्याच, बँकेच्या उघडण्या-मिटण्याच्या होत्या.

"शहाजी," मी म्हणाले, "त्यानं काही केलेलं नाही."

"कुणी?"

"नागनाथनं. बिघाड वर आहे, टॉवरवर. जोडात पाणी गेलं असेल. कायमचा आहे. माझी चूक झाली."

वरचे सगळे जोड शहाजीच्याच हातचे होते. तो उठून माझ्यापाशी आला. स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे कुणाला सांगायचं न्हाई."

"सांगावं लागेल. त्याला आत टाकतायत."

"अन् न्हाई टाकलं तर आमाला टाकत्याल!" त्यानं माझा गळा धरला. खुर्चीसकट मागं रेटत भिंतीला लावलं. त्याच्या पट्टीतनं रक्त पुन्हा पाझरायला लागलं होतं आणि ते माझ्या गालावर पडत होतं. "अकरा शून्यं दावली तू. तू! माझं लेकरू सा महिन्याचं हाय. आता म्हणती चूक झाली?"

मी त्याच्या हाताला कडाडून चावले. तो मागं सरकला आणि समोरची लोखंडी खुर्ची उचलून त्यानं स्क्रीनवर घातली. काचा उडाल्या. पुन्हा घातली, पुन्हा. एक काच माझ्या भुवईत घुसली. एवढा टॉवरवर चढणारा गडी, पण माहिती स्क्रीनमध्ये नसते, टेबलाखालच्या डब्यात असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. आवाज ऐकून बाहेरच्या पोलिसानं शटर वर केलं, आणि पोलिसाच्या मागनं चार दगडही आत आले.

गुरुवारी मी तो डबा काखोटीला मारून पोलीस ठाण्यात गेले. कुलथेसाहेब फोनवर आधी ओरडले, मग विनवण्या केल्या, मग म्हणाले नोकरीवरनं काढतो. म्हटलं, काढा. फौजदार भोईटे म्हणून होते, पोक्त गृहस्थ. त्यांना मी दोन तास समजावलं. शेवटी त्यांनीच विचारलं, "म्हणजे बाई, दुकान बंद असताना गिऱ्हाईक भांडलं नाही म्हणून तुम्ही दुकानदाराला चांगला ठरवलंत?"

"हो. आणि दिवसाच्या पहारेकऱ्याला वाईट."

"अरेरे," ते म्हणाले. नागनाथवरची फिर्याद टिकणार नाही, असं त्यांनी माझ्यासमोर वर कळवलं. मग त्यांनी दुसरा कागद काढला, नागनाथचा जबाब. मंगळवारी रात्री खाटेवर घेतलेला. मारणाऱ्यांची नावं होती, शहाजी आणि त्याची तीन पोरं. चार. मी कागद खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. माझं नाव नव्हतं.

इतका मार बसल्यावर त्याच्या लक्षात राहिलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. आणि देवाचे आभार मानले. लाज वाटते सांगायला, पण मानले. खरं सांगून आले, चूक पदरात घेतली, आता त्याची माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, अशा विचारात मी दवाखान्याची पायरी चढले.

खाटेशी पोलीस नव्हता आता. नागनाथ भिंतीकडं मान वळवून उताणा पडला होता. मनगट प्लास्टरमध्ये, हनुवटीला टाके, तोंड सुजून भोपळा. उशाशी सोजर बसलेली. मला बघितल्यावर ती उठली, आणि मला वाटलं आता ही मला फाडते. ती बाजूला सरकली. मी खाटेजवळ गेले, त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले.

"नागनाथ, मी आलेय. कुंदा इंगवले."

तो हलला नाही.

"तुमच्यावरची फिर्याद गेली. मी सगळं सांगून आले ठाण्यात. तुम्ही काही केलं नव्हतं. माझंच चुकलं होतं."

काहीच नाही. भिंतीकडंच बघत राहिला. बरोबर आहे, म्हटलं, माझ्याशी बोलायचं कशाला यानं? मी हात जोडले. "तुम्ही बोलू नका, पण ऐका तरी..."

"ह्या अंगानं या," सोजर म्हणाली. "त्या कानानं ऱ्हायलं त्यास्नी."

"काय?"

"ऐकू येत न्हाई. डाक्टर म्हनले हात जुळंल, बरगड्या भरून येत्याल, ह्ये न्हाई यायाचं. आत शीर गेलीया. कुनीतरी थापड मारली की जोरात, तसल्या मारानं जातोय म्हनं."

शहाजीनं लाथा मारल्या होत्या, पाना मारला होता. पोरांनी पट्टे मारले होते. थप्पड फक्त एकच पडली होती त्या माळावर.

खाटेला वळसा घालून मी भिंतीच्या बाजूला, त्याच्या उजवीकडं गेले. त्याचे डोळे उघडे होते. मला बघून त्यानं ओठ हलवले. सुजेमुळं शब्द तुटत होते.

"झालं का म्याडम? घावलं का?"

"घावलं. तुमच्याकडं काही नव्हतं. लाईनच खराब होती."

"मंग बरं झालं."

"नागनाथ, तुम्ही माझं नाव दिलं नाही."

"न्हाई दिलं."

"का? आठवत नाही का तुम्हाला?"

"न आठवाया काय झालं? पयली तुमचीच." श्वास घेताना त्यानं डावा हात बरगड्यांवर दाबून धरला. "पन तुमास्नी बी आत टाकलं असतं तर त्या यंत्रातलं खरं कुनी बघायचं? आमच्यात कुनाला येतंय ते? म्या काय केलं न्हवतं, मंग त्यात घावनार हुतंच की कवातरी. फकस्त बघनारी पायजे."

सोजरनं पदर तोंडावर घेतला. मी माझ्या गणितावर विश्वास ठेवून याला मारलं होतं, आणि हा कान फुटलेला माणूस त्याच गणितावर विश्वास ठेवून दोन रात्री गप्प पडला होता.

"माफ करा," मी म्हणाले.

"त्ये मला न्हाई जमायचं," तो म्हणाला. रागानं नाही, साधंच. "तुमी जावा आता."

मी निघाले. बाहेर पडले तशी थेट चालत ठाण्यात. भोईटे जेवणाचा डबा उघडत होते.

"काय राहिलं, बाई?"

"जबाबात एक नाव राहिलंय. पाचवं."

त्यांनी डबा बाजूला सारला. माझ्या भुवईवरचे टाके बघितले, मग माझ्याकडं बघितलं, आणि बहुतेक सगळं ओळखलं. "बाई, शांतपणे विचार करा. फिर्यादी माणसानं स्वतः नाव दिलेलं नाही. साक्षीदार म्हणून तुम्ही मला लागता. आरोपी होऊन बसाल, उद्या कुणी नोकरी देणार नाही. कशाला?"

"त्यांनी दिलं नाही. मी देते."

"नक्की?"

"लिहा."

त्यांनी पेन उघडलं.

"कुंदा मारुती इंगवले," मी सांगितलं. "वय सव्वीस. उजव्या हातानं, डाव्या कानावर. आणि वरती लिहा साहेब, चौघांच्या वरती. पहिली मीच."